मेंदूच्या वळ्या वरवर बघून चालत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत माकडाच्या नि माणसाच्या मेंदूचे फोटो शेजारी शेजारी छापलेत आणि खाली लिहिलंय की वळ्या जास्त म्हणून अक्कल जास्त. मी बीएस्सीच्या पोरांना झूलॉजी शिकवते, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. तसं असतं तर डॉल्फिन आपल्या पुढे असता, त्याच्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, आपल्याहून जास्त वळ्या असतात.

मुख्य म्हणजे फोटोत जे दिसतं ते थोडंसंच असतं हो. माणसाचा कॉर्टेक्स म्हणजे २ ते ४ मिलीमीटर जाडीचा थर, आणि त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत असतो, साडीच्या निऱ्यांत कापड जातं तसा. कानाच्या वरच्या अंगाला लॅटरल सल्कस नावाची खोल खाच आहे, ती फाकवली की आत इन्सुला नावाचा कॉर्टेक्सचा दडलेला भाग सापडतो, चव, पोटातली कळ, छातीतली धडधड या सगळ्या जाणिवांशी त्याचा संबंध आहे. पोटातल्या बाळात हा भाग आधी उघडाच असतो, मग आजूबाजूचा कॉर्टेक्स भराभर वाढतो आणि त्याच्यावर झाकण येतं. ऐकण्याचा मुख्य भागही त्याच खाचेत दडलेला, वरून बघून पत्ताच लागत नाही.

आणि हे फक्त माणसाचं नाही! सिंहगडावर दिसतात ती लाल तोंडाची माकडं मकाक जातीची, मकाकांचाही इन्सुला असाच झाकलेला असतो. त्यांच्या टेम्पोरल लोबमधल्या, म्हणजे मेंदूच्या कानाकडच्या भागातल्या, एका लांब खाचेत तर चेहरा दिसला की जाग्या होणाऱ्या पेशी आहेत, त्यावरचा पेपर १९८१ मध्ये आला. उलट मार्मोसेट हे छोटं माकड, तोही प्रायमेटच, म्हणजे माणूस-माकडांच्याच गटातला, त्याचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत. फ्रान्सच्या ग्रासिओले या शरीररचनाशास्त्रज्ञानं १८५४ मध्येच माणूस आणि माकडांच्या वळ्यांची तुलना करताना दाखवलं होतं की मेंदूच्या मागच्या बाजूला दोन भागांना जोडणाऱ्या काही वळ्या माणसात वर दिसतात, पण बऱ्याच माकडांत त्या खाचेत जातात. म्हणजे वरवरच्या फोटोवरून तुलना केली तर तीच वळी एकात मोजली जाते नि दुसऱ्यात सुटते.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी आडवा छेद घेतलेलं चित्र छापा, दोन्ही मेंदूंचं, एकाच स्केलवर. पुण्यातल्या मेडिकल कॉलेजांत ॲनाटॉमीची म्युझियम आहेत, परवानगी घेऊन तुमचा फोटोग्राफर तिथे पाठवा, आणि ती फोटोखालची ओळ मात्र दुरुस्त करून छापा, कारण पोरं तीच कात्रणं प्रोजेक्टला चिकटवतात.

– एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे