दुसरी प्रत रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आवराआवरीत पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांवर. त्यातही 'हे तर आपल्याकडे आहेच' अशी दुसरी प्रत आधी जाते. खरे तर घरात पुस्तके जास्त झाल्याचा सगळ्यात मोठा फायदा याच दुसऱ्या प्रतीत असतो. दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय पुस्तकाचे वय काढण्याची गंमत कळत नाही.

बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांचे साल असलेले पान गळालेले असते. अशा वेळी आधी किंमत पाहावी. आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचे. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे, कारण १९६४ मध्ये 'नवे' गळाले. मात्र शिल्लक प्रतींवर प्रकाशक वाढीव किमतीची चिठ्ठी डकवत. पान उजेडासमोर धरले की खालची मूळ किंमत पुष्कळदा दिसते. मग प्रकाशकाचा पत्ता. त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती छपाई ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसते 'पुणे २' असा पिनकोडाआधीचा टपाल क्रमांक असेल तर घाईने निष्कर्ष नको, जुन्या सवयीने तसे पुढेही छापले जाई. शके दिले असल्यास ७८ मिळवावेत. पौष-माघ-फाल्गुनातले पुस्तक असेल तर बहुधा ७९.

सर्वांत गोड पुरावा शुद्धलेखनाचा. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार भरभरून असतील तर मजकूर साधारण १९६२ च्या नियमांआधी जुळवलेला. 'इ', 'उ' ऐवजी 'अि', 'अु' दिसले की सावरकरांनी सुचवलेल्या लिपिसुधारणेचा संस्कार ओळखावा. इथेच दुसरी प्रत कामी येते: एकीत अनुस्वार आहेत, दुसरीत नाहीत, म्हणजे मधल्या काळात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, नव्याने जुळवले गेले. दोन्हींत ओळी अगदी त्याच जागी तुटत असतील तर जुन्याच जुळणीवरून पुन्हा छपाई झालेली असते, आणि तेव्हा अनुस्वार पाहून वय सांगायला गेलात तर फसाल.

नवी आणलेली प्रत मात्र सरळ कपाटात नको. पाने झटकल्यावर बारीक भुसा पडला तर आत कीड जिवंत असू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून पुस्तक दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर गार कागदावर दव धरते आणि किडीऐवजी बुरशी पाळावी लागते. कडक उन्हात वाळवणे टाळावे, जुना कागद आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच नको. टेप काही वर्षांत सुटते, तिचा तपकिरी डाग मात्र राहतो.

कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे असावे, बाहेरच्या भिंतीची ओल पहिल्यांदा मागच्या रांगेला लागते. दोनशे पानी साध्या बांधणीच्या पुस्तकांची एक फूट रांग सहा-सात किलो भरते. तीन फुटी फळीवर दुहेरी रांग लावली तर चाळीस किलो झालेच, आणि भुशाच्या बोर्डाची फळी मधोमध झोळीसारखी वाकते. अशा वेळी पुस्तके काढून टाकण्याआधी सुताराला बोलावून फळीखाली मधे एक उभा टेकू मारून घ्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे