तुर्भ्याच्या अंगणवाडी सेविकाताईंना

आदरणीय सेविकाताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वस्तीलगतच्या महापालिका शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. आपल्याकडची मुले सहा वर्षांची झाली की माझ्याकडे येतात, एवढ्याच निमित्ताने आपली ओळख. यंदा आपण सेवानिवृत्त होत आहात असे कळले, तेव्हा महासाथीच्या काळात आपण केलेल्या कामाचे आभार चारचौघांसमोर मानावेत असे वाटले. त्या कामाविषयी वस्तीतल्या आयांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. करोनाचा आजार लहान मुलांना बहुधा सौम्य होतो हे लवकरच लक्षात आले आणि मुले या संकटातून सुटली, असा समज पसरला. तुर्भे स्टोअर परिसरातल्या घरांत पाहिले असते तर तो टिकला नसता. बाप नाक्यावर कामाची वाट पाहणारा किंवा वाशीच्या बाजार समितीत हमाली करणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दोघांचीही कमाई एकाच आठवड्यात थांबली. मे महिन्यात बाजार समितीही काही दिवस बंद ठेवावी लागली. अशा घरांत आधी दूध बंद झाले, मग अंडी, आणि त्यानंतर डाळ पातळ होत गेली. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच स्वतःहून दखल घेऊन, शाळा बंद असताना मुलांच्या माध्यान्ह भोजनाचे काय, अशी विचारणा राज्यांकडे केली होती. पुढे शिजवलेल्या आहाराऐवजी कोरडा शिधा घरी मिळू लागला खरा. परंतु पाच-सहा माणसांच्या घरात आलेला शिधा एकट्या धाकट्याच्या ताटात जात नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत होते. म्हणून शिधा दारात ठेवून आपण पुढच्या घराकडे वळला नाहीत, तर आधी मूल डोळ्यांसमोर उभे करायला सांगितलेत.

दंडघेर, म्हणजे मुलाच्या दंडाचा घेर, मोजण्याच्या त्या रंगीत पट्टीबद्दल मला विशेष लिहायचे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजले जाते आणि अशा बालकाला साधा अतिसार किंवा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो. मुलाला हात लावणे धोक्याचे होते, तेव्हा आपण उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आईलाच पट्टी लावायला शिकवलेत. पट्टी कुठे धरायची, किती ओढायची, लाल रंग दिसला तर त्याच दिवशी आपल्याला फोन करायचा. आपण अंगणवाडी उघडण्याची वाट पाहत थांबला असतात, तर कोणी आपल्याला दोष दिला नसता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ च्या उत्तरार्धात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि जवळपास २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली होती. ही स्थिती महासाथीच्या आधीची होती, आणि याच मुलांच्या ताटातले अन्न टाळेबंदीत कमी झाले.

लसीकरणाचेही तसेच झाले. आरोग्य कर्मचारी करोनाच्या कामात अडकलेले, सत्रे रखडलेली आणि दवाखान्याच्या दारात पाऊल टाकायला आया घाबरलेल्या, असे चित्र जगभर होते. २०२० या एका वर्षात जगातील २ कोटी ३० लाख बालकांचे मूलभूत लसीकरण अपुरे राहिले. आपल्या वस्तीत त्यात आणखी एक गुंता होता. कित्येक कुटुंबे जालना, बीड, कलबुर्गी अशी आपापल्या गावी निघून गेली आणि मुलांच्या लसीची कार्डे इथेच राहिली. कोणाची कोणती मात्रा चुकली याचे एक वेगळे पान आपण वहीत केले होते, आणि गावाकडच्या सेविकेचा नंबर मिळवून तिला ते फोनवर वाचून दाखवत होतात. त्या पानाचे मोल मला २०२२ च्या अखेरीस कळले. गोवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातील भिवंडीत गोवराने मुले दगावू लागली, तेव्हा नऊ महिन्यांनंतरची पहिली आणि सोळा महिन्यांनंतरची दुसरी मात्रा कोणाची राहिली आहे, हे शोधायला आपल्याला नव्याने घरे पालथी घालावी लागली नाहीत. आशाताईंना घेऊन आपण थेट त्याच दारांत गेलात. गोवर कुपोषित मुलाला जास्त छळतो, त्यामुळे दंडघेराची आणि लसीची पाने शेजारी ठेवून आधी कोणाकडे जायचे हे आपण ठरवलेत. एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याला सुचावी अशी ही गोष्ट आहे.

मुलांच्या मनाचे जे झाले, त्याची नोंद कोणत्याच नमुन्यात नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर सगळे कुटुंब, बापाची चिडचिड, घरातला एकच फोन आणि तोही थोरल्याच्या ऑनलाइन वर्गासाठी. दुसऱ्या लाटेत वडील गेलेला एक मुलगा बोलेनासा झाला होता. त्याच्या आईला बालसंगोपन योजनेची माहिती आपण दिलीत; तेव्हा त्या योजनेत महिन्याला ११०० रुपये मिळत. मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कार्यालयाने तिला वारंवार परत पाठवले, तेव्हा आपण स्वतः तिच्यासोबत रांगेत उभ्या राहिलात. मुलाला मात्र आपण काहीच विचारले नाही. शिधा वाटायला निघताना त्याला सोबत घेऊन पिशव्या मोजायचे काम दिलेत, आणि मोजता मोजता तो बोलायला लागला. डिसेंबर २०२१ मध्ये पहिलीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा तो माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसला आणि शेजाऱ्याच्या चुकीच्या बेरजा मोठ्याने दुरुस्त करू लागला. (त्या सवयीचा मला आजही थोडा राग येतो.)

हे सारे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची घरभेटीची कामे सांभाळून चालले होते. नोंदींसाठी दिलेले सरकारी मोबाइल सतत बंद पडत असल्यामुळे २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते परत केले, त्या काळातही आपली कागदाची वही चालूच होती. सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये करण्याची घोषणा व्हायला मार्च २०२३ उजाडावे लागले. टाळ्या आणि थाळ्या आपल्यासाठीही वाजल्या होत्या, पण त्यांत रिक्षाभाडेसुद्धा निघत नाही.

माझ्या शाळेच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते. एक विनंतीही आहे. नव्या सेविकेकडे कार्यभार सोपवताना चुकलेल्या मात्रांच्या पानाची आणि दंडघेराच्या नोंदींची एक प्रत कृपया आमच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी. येत्या जूनपासून प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड पाहायचे आणि अपुरे असल्यास त्याच आठवड्यात नागरी आरोग्य केंद्रात कळवायचे, असे आम्ही ठरवले आहे. रकाने कसे आखायचे हे आपणच येऊन दाखवलेत तर फार बरे होईल.

आपली नम्र,
पहिलीच्या वर्गाची शिक्षिका
तुर्भे, नवी मुंबई