खर्चाची वही उघडण्याआधीच पैसा पोचलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपये खर्च करता येतात, लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख. ही मर्यादा जानेवारी 2022 पासूनची. मतदारसंघात तीन लाख मतदार धरले तर विधानसभेला माणशी 13 रुपये पडतात. मटणाचे एक ताट 300 रुपयांचे धरा. 13,333 ताटे उठली की मंडप, गाड्या, पत्रके यांना हात न लावताच मर्यादा संपते. प्रचाराच्या दिवसांत कुठल्या मळ्यावर आणि कुठल्या मंगल कार्यालयात किती पंगती बसतात, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. तरीही हिशेब मर्यादेत बसतो. तो कसा बसतो आणि थैलीवाल्यांचा पैसा त्यात कुठे दिसेनासा होतो, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

देणगीदार म्हटले की आता सगळ्यांना निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून घेऊन नाव उघड न करता पक्षाला द्यायचे रोखे, आठवतात. 2018 पासून 30 टप्प्यांत सुमारे 16,518 कोटींचे रोखे विकले गेले आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती योजना रद्द केली. कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही 2017 मध्ये काढून टाकलेली अटही त्या निकालाने परत आली. निकाल मोलाचा आहे, पण त्याने पक्षाच्या तिजोरीचे एक दार बंद झाले. पक्षाला 20,000 रुपयांपर्यंत देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाकडे कळवावे लागत नाही. रोख देणगीवर 2,000 रुपयांची मर्यादा आहे खरी, पण 2,000 च्या अडीच हजार पावत्या फाडल्या की 50 लाख जमतात. त्या पावत्यांमागे अडीच हजार माणसे आहेत की एकच, हे कागदावरून कळायला मार्ग नाही.

आपल्या गल्लीत जो पैसा दिसतो, तो या दारानेही येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 77 प्रमाणे उमेदवाराचा खर्च मोजायला सुरुवात होते ती अर्ज भरल्याच्या दिवसापासून, आणि मोजणी थांबते निकालाच्या दिवशी. 2024 ची विधानसभा घ्या. अर्ज भरायची मुदत 22 ते 29 ऑक्टोबर होती. त्या वर्षी गणपती बसले 7 सप्टेंबरला, विसर्जन 17 ला, दसरा 12 ऑक्टोबरला. म्हणजे मंडळाच्या मूर्तीची आणि साउंड सिस्टीमची वर्गणी, तालमीच्या इमारतीचा स्लॅब, फुटबॉल संघाचे किट, देवदर्शनाला सोडलेल्या बसगाड्या, घरोघरी पोचलेल्या साड्या, यातला एक रुपयाही त्या 40 लाखांत मोजायचा नव्हता. विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात मोजणी अधिसूचनेच्या तारखेपासून करावी अशी शिफारस केली. ती मान्य झाली असती तरी 2024 ला फरक फार तर सात दिवसांचा पडला असता, कारण अधिसूचनाही 22 ऑक्टोबरचीच. मोजणी किमान सहा महिने मागे न्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तालमींना आणि मंडळांना यात दोष नाही. त्यांना वर्षभर पैसा लागतो आणि तो देणारा दारात उभा राहिला की ते घेतात. प्रश्न देणाऱ्याला तो पैसा कुणी दिला, हा आहे.

अर्ज भरल्यानंतरची तऱ्हा वेगळी. बिल उमेदवाराच्या नावावर फाटतच नाही. मंडपवाल्याचे पैसे एक ठेकेदार भागवतो, गाड्यांचे डिझेल दुसऱ्याच्या पंपावरच्या खात्यावर पडते, जेवणाचे एखादा बिल्डर बघतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी कुणी खर्च केला तर तो गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्याला कमाल दंड 500 रुपये होता, भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 मध्ये तो 10,000 झाला. लाखांनी खर्च करणाऱ्याला या दंडाची काय भीती? त्याला परतफेड निवडणुकीनंतर हवी असते: रस्त्याच्या निविदेतल्या अटी, जमिनीवरचे आरक्षण उठवणे, वाढीव एफएसआय (म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा).

पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरावा असे म्हटले, तेव्हा संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून ती वाट अडवली. आज मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसह, पक्षाच्या खात्यावर जातो. मात्र उमेदवार त्या सभेच्या व्यासपीठावर बसला किंवा फलकावर त्याचा फोटो लागला, की मैदान, मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक हे सगळे त्याच्या हिशेबात धरायचे असते. दोन-तीन उमेदवार असतील तर समान वाटून. हेलिकॉप्टरमध्ये उमेदवार सोबत बसला तर त्या प्रवासाचा निम्मा खर्चही त्याचाच.

हे मोजायची यंत्रणा कागदावर चांगली आहे. उमेदवाराने अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडायचे, एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत 10,000 पेक्षा जास्त रोख द्यायची नाही. रोजच्या नोंदवहीत पांढरी पाने दैनंदिन खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निवडणूक कार्यालयाचे व्हिडिओ पथक सभेत खुर्च्या, गाड्यांचे क्रमांक, मंचाची लांबी-रुंदी टिपते. मग लेखा पथक दरसूचीने, म्हणजे जिल्ह्यासाठी ठरवलेल्या दरांच्या यादीने, त्याची किंमत काढून स्वतःच्या शॅडो रजिस्टरमध्ये लिहिते. प्रचाराच्या काळात किमान तीनदा दोन्ही वह्या खर्च निरीक्षकापुढे ताडून पाहतात.

बिघडते ते इथे. पथक परवानगी घेतलेल्या सभेला जाते. रात्री अकराच्या मळ्यावरच्या जेवणाला परवानगीच मागितलेली नसते. परवाना लावलेल्या गाड्या मोजल्या जातात, कार्यकर्त्यांच्या बिनपरवाना गाड्या सुटतात. दरसूचीतला दर बाजारभावापेक्षा कमी ठरला तर खरे बिलही लहान दिसते. दर ठरवताना पक्षांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात, आणि दर खाली राहण्यात त्या सगळ्यांचेच हित असते. मतदार म्हणून तिथे कुणीच नसते.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराने व्हाउचरसह हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. तो आल्यापासून दोन दिवसांत कार्यालयाने सूचनाफलकावर नोटीस लावायची: कुणाचा हिशेब कधी आला आणि तो कुठे, किती वाजता बघायला मिळेल. निवडणूक नियम 1961 च्या नियम 88 प्रमाणे कुणीही माणूस एक रुपया भरून तो पाहू शकतो. ठरलेली फी भरून साक्षांकित प्रतही मिळते. माहिती अधिकाराचा अर्ज नको, महिनाभर वाट बघायला नको.

पाहताना आधी निधी कुठून आला त्याचे तक्ते उघडावेत: स्वतःचा पैसा, पक्षाने दिलेला, आणि इतर व्यक्ती वा कंपनीची देणगी किंवा कर्ज. तिसरा तक्ता कोरा असेल तर पहिल्या तक्त्यातली रक्कम उमेदवाराच्या शपथपत्रातल्या रोकड आणि बँक शिल्लकीशी ताडून बघावी. शपथपत्रात रोख दोन लाख आणि निवडणुकीत स्वतःचे पंचवीस लाख, असे दिसले तर मधला पैसा कुठून आला हे विचारता येते. मग जेवणाची व्हाउचरे: किती ताटे, कुठल्या दिवशी, शाकाहारी की मांसाहारी. मग पत्रके: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. घरी आलेले पत्रक जपून ठेवले असेल तर त्या छापखान्याचे बिल हिशेबात आहे का, हे पाच मिनिटांत कळते.

तफावत सापडली तर लेखी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकारी आणि मुख्य निवडणूक अधिकारी या दोघांकडे द्यावी, पोच घ्यावी. उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेची मुदत मात्र निकालापासून 45 दिवसांचीच. हिशेब द्यायलाच 30 दिवस, म्हणजे हातात राहतात पंधरा. हिशेब फक्त वेळेत दिला एवढे पुरेसे नाही, तो खरा आहे का हे आयोग तपासू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये आपल्याच राज्यातल्या भोकर मतदारसंघाच्या प्रकरणात सांगितले आहे. दोषी ठरल्यास त्याच कायद्याच्या कलम 10-अ खाली तीन वर्षांची अपात्रता आहे.

आपल्या दैनिकाकडे दोन मागण्या. पुढच्या विधानसभेला जिल्ह्याची दरसूची ठरताच ती पूर्ण छापावी, म्हणजे मंडप, ताट आणि गाडीचा दर प्रत्येक मतदाराला ठाऊक असेल. आणि निकालानंतर एकतिसाव्या दिवशी आपला वार्ताहर जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवून दहाही मतदारसंघांतील प्रमुख उमेदवारांचे निधीचे तक्ते, देणगीदारांच्या नावांसह, एका पानावर द्यावेत. त्या काळात आपल्या अंकात आलेल्या उमेदवारांच्या जाहिरातींची बिलेही त्यात ताडून पाहावीत. प्रती काढायला आणि आकडे जुळवायला माणसे लागली तर आम्ही यायला तयार आहोत.

आपले,
काही वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर