‘ग्राहकाने घेण्यास नकार दिला’ या शेऱ्याबाबत तक्रार

दिनांक : २७ मार्च २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री व घरपोच सेवा विभाग

विषय : वॉकरचं पार्सल गावात न आणताच ‘नकार’ असा खोटा शेरा मारून परत पाठवल्याबद्दल आणि त्यापोटी १०० रुपये कापल्याबद्दल.

महोदय,

ऑर्डर नंबर, पैसे भरल्याची पावती आणि पूर्ण पत्ता सोबतच्या कागदावर आहे. गावाचं नावही तिथंच आहे. पार्सलवर ते ठळक छापलेलं असणार, तरी आपल्या माणसाला गाव सापडलं नाही म्हणे.

आम्ही मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात राहतो. माझे मोठे भाऊ ७८ वर्षांचे आहेत. जानेवारीत ते अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, अमरावतीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चार पायांचा वॉकर घ्यायला सांगितला. त्यांचा नातू पुण्याला कामाला आहे. त्यानं २६ फेब्रुवारीला आपल्या अ‍ॅपवरून १,६४९ रुपयांचा वॉकर मागवला आणि पैसे आधीच भरले. अ‍ॅपनं पिनकोड विचारला, हिरवी खूण दाखवली, ‘या पत्त्यावर डिलिव्हरी होते’ असं सांगितलं आणि तारीखही दिली.

२ मार्चला पार्सल परतवाड्याच्या आपल्या केंद्रात पोचलं. पुढचे शेरे असे : ३ मार्चला ‘ग्राहकाशी संपर्क होत नाही’, ४ मार्चला ‘पत्ता अपुरा’, ५ मार्चला ‘ग्राहकाने घेण्यास नकार दिला’. तीन दिवसांत तीन वेगळी कारणं. ज्याचा पत्ताच अपुरा होता, तो माणूस दुसऱ्या दिवशी नकार द्यायला भेटला कुठं?

इथं माझी ओळख सांगणं भाग आहे. मी १९८४ ते २०२४ अशी चाळीस वर्षं याच गावात शाखा डाकपाल होतो. सुरुवातीला आम्हाला ‘ईडी’ म्हणायचे, म्हणजे अतिरिक्त विभागीय. हल्ली ते नाव घेतलं की मोठमोठे लोक दचकतात, आम्हाला मात्र त्या नावावर सायकलसुद्धा मिळाली नाही. नंतर ‘ग्रामीण डाक सेवक’ झालो. शेरा काय असतो ते म्हणून मला थोडं कळतं. रजिस्टर पत्र परत करायचं तर त्यावर ‘घर बंद’, ‘गाव सोडून गेला’, ‘घेण्यास नकार’ यांपैकी एक लिहून सही करावी लागे. ‘नकार’ लिहिताना हात जड व्हायचा. कोर्टाची नोटीस असेल तर त्या एका शब्दावर माणसाचं शेत जाऊ शकतं. म्हणून त्याच्यासमोर उभं राहून विचारायचो, ‘बाप्पा, खरंच नाही घेत का?’ आणि मगच पेन काढायचो. आपल्याकडे तो शब्द मोबाइलच्या एका बटणावर ठेवलाय.

५ मार्चला आमच्या गावात काय चाललं होतं तेही सांगतो. होळी नुकतीच पेटली होती. आम्हा कोरकू आदिवासींचा वर्षातला सगळ्यात मोठा सण होळी. दिवाळी आम्हीही करतो, पण गाव परत येतं ते होळीला. त्या दिवसांत फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागणाऱ्यांच्या टोळ्या रस्त्यावर असतात, अनोळखी गाडी दिसली तर फगवा घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. आपली गाडी आली असती तर पन्नास माणसांनी अडवली असती आणि ड्रायव्हरला मोहाच्या झाडाखाली बसवून जेवायला घातलं असतं. कुणी पाहिली नाही. आणि ज्यांनी ‘नकार दिला’ ते माझे भाऊ दारातल्या बाजेवर बसून होते. त्यांना दुसरीकडे जाता येत नाही, वॉकर त्याच्यासाठीच तर मागवला होता.

६ तारखेला नातवानं आपल्या ग्राहक सेवेला फोन लावला, मलाही जोडून घेतलं. बाई सौम्य बोलल्या. म्हणाल्या, ‘सर, तुमचा भाग डोंगराळ आहे, लोकवस्ती विरळ आहे, तिथं ऑर्डरचं प्रमाण कमी आहे.’ उपाय असा सुचवला की ज्याच्या नावावर ऑर्डर आहे त्यानं स्वतः ओळखपत्र घेऊन ७ तारखेच्या आत परतवाड्याच्या केंद्रात यावं, ओटीपी सांगावा आणि पार्सल न्यावं. मी दोनदा विचारलं, स्वतःच? हो, स्वतःच. म्हणजे चालता येत नाही म्हणून ज्यानं वॉकर मागवला, त्यानं वॉकर आणायला ५८ किलोमीटर घाट उतरून जायचं. एसटीत ७५ वर्षांवरच्या माणसाला २०२२ पासून तिकीट लागत नाही, तेव्हा भाड्याची अडचण नव्हती. अडचण बसच्या पायऱ्यांची होती. ९ तारखेला पार्सल परत गेलं. १,५४९ रुपये खात्यात आले. १०० रुपये ‘ग्राहकाच्या नकारामुळे परतीचा खर्च’ म्हणून कापले.

आता त्या ‘विरळ लोकवस्ती’बद्दल. हा शब्द मला लागला, म्हणून जरा जास्त लिहितो.

आमच्या गावात माणसं किती, याचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. जून ते दिवाळी गाव भरलेलं. सोयाबीन-मका निघाला की टेम्पो भरभरून माणसं उतरतात. कुणी अमरावती-अकोल्याकडे हरभऱ्याला, कुणी वीटभट्टीवर, कुणी बऱ्हाणपूर-खंडव्याकडे. मागं राहतात म्हातारे, शाळेतली पोरं आणि नुकती बाळंत झालेली बाई. होळीला सगळे परत, पंधरा-वीस दिवस गजबज, मग पुन्हा अर्धं गाव खाली. डाकघराच्या खिडकीत बसून मी हे चाळीस वेळा पाहिलं. दिवाळीनंतर थैली हलकी व्हायची आणि मनीऑर्डरी वाढायच्या. नवरा भट्टीवर, पैसे गावात, आणि अंगठा उठवायला म्हातारी सासू. पुढं बँकेसारखं अंगठ्याचं यंत्र आलं, तेव्हाही अंगठे तेच.

शिरगणतीचंही असंच. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. म्हणजे मोजणारे आले तेव्हा अर्धी दारं बंद. मी शेजारच्या दारात उभा राहून ‘हे घर आठ माणसांचं, ते घर पाच’ असं सांगत फिरलो होतो. २०२१ ची मोजणी झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे, त्या वर्षीही होळी मार्चच्या उत्तरार्धात. आमची गजबज कागदावर कधी लागणार कोण जाणे. आपण कुठल्या आकड्यावर ‘विरळ’ म्हणालात माहीत नाही, पण पार्सल आलं तो आठवडा वर्षातला सगळ्यात दाट आठवडा होता.

‘पत्ता अपुरा’ हेही तपासू. आपल्या अ‍ॅपमध्ये घर नंबर, गल्ली, सोसायटी, जवळची खूण हे सगळं भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोरकूंच्या गावात गल्ल्या नसतात. मध्ये रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या दोन रांगा, बस्. पत्ता सांगायला यापेक्षा सोपं गाव महाराष्ट्रात दाखवा. नातवानं रांग आणि घर दोन्ही लिहिलं होतं. अवघड असतं ते नाव. कासदेकर, जांभेकर, बेठेकर, सावलकर या चार-पाच आडनावांत अख्खी वस्ती, आणि नावंही फिरून फिरून तीच. माझ्या वेळी एकाच नावाचे तिघे होते. पाकिटावर धारणीचा शिक्का असेल तर ते पहिल्याचं, कारण त्याची मुलगी तिकडे दिलेली. बँकेचं असेल तर दुसऱ्याचं, कर्ज त्यानंच काढलेलं. तिसऱ्याला पत्रच यायचं नाही, तो तरी रोज येऊन विचारायचा. एकदा अंगणवाडीचं नेमणूकपत्र मी चुकून त्यालाच देऊन आलो होतो. संध्याकाळी तोच परत घेऊन आला आणि म्हणाला, ‘माह्या घरात एवढी शिकेल कोण आहे?’

पिनकोडचंही सांगतो, कारण घोळ तिथून सुरू झाला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड लागू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते. पहिला आकडा विभागाचा, आमचा ४. पहिले तीन मिळून डाकेच्या छाननीचा जिल्हा. शेवटचे तीन आकडे डाकघराचे असतात, गावाचे नाही. मेळघाटात एका पिनखाली कितीतरी गावं येतात. काही डांबरी रस्त्यावर आहेत, काही सिपना-खापऱ्याच्या नाल्यापलीकडे, जिथं पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की डाकसुद्धा अलीकडेच थांबते. आपल्या अ‍ॅपसाठी पिन म्हणजे एक ठिपका. चिखलदऱ्याच्या हॉटेलात पार्सल जातं म्हणून आमच्या नावापुढंही हिरवी खूण. जात नसाल तर लाल खूण दाखवा, त्याचं दुःख नाही. दुःख पैसे घेतल्यानंतर विरळ ठरण्याचं आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात डाक खात्यानं डिजिपिन काढला, दहा अक्षर-आकड्यांचा, साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनाचा. त्यानं भावाची बाजसुद्धा नकाशावर दाखवता येईल. पण आपला माणूस परतवाड्याहून निघणारच नसेल तर चौकोन चार मीटरचा काय आणि चार इंचाचा काय.

आमच्याकडूनही एक चूक झाली. ऑर्डरवर मोबाइल नंबर नातवाचा होता. तो रात्रपाळी करून दिवसा झोपतो. ३ तारखेला दुपारी त्याला एक फोन येऊन गेला, त्यानं उचलला नाही. भावांचा नंबर दिला असता तरी उपयोग नव्हता, गावात रेंज येते ती शाळेमागच्या टेकडीवर. ओटीपी घ्यायला तिथं चढावं लागतं, आणि वॉकर लागणारा माणूस टेकडी चढत नाही. पण हा घोळ ३ तारखेच्या शेऱ्यापुरता. ४ आणि ५ तारखेचे दोन्ही शेरे पूर्ण आपले.

ज्या पोराच्या नावावर ते शेरे आहेत, त्याच्यावर माझा राग नाही. मागाहून तो फोनवर भेटला. म्हणाला, ‘काका, एका पार्सलमांगं मले जे भेटते त्याच्यात घाटाचं पेट्रोल बी निघत नाही. शेरा नाही टाकला तं माह्यावर येते.’ खोटं बोलला नाही. मीही दिवसाचे चार-पाच तासच कामावर धरला जायचो, उरलेल्या वेळात शेती केली तेव्हा घर चाललं. त्याच्यावर कारवाई करून फाइल बंद करू नये ही विनंती. ‘गाडी गावापर्यंत जात नाही’ असं बटण त्याच्या मोबाइलमध्ये असतं तर त्यानं तेच दाबलं असतं. ते बटण ठेवलं नाही, हे काम आपल्या कार्यालयातलं आहे.

माझ्या मागण्या अशा. कापलेले १०० रुपये परत करावेत. नातवाच्या खात्यावरचा ‘नकार’ हा शेरा काढून खरं कारण लिहावं, कारण त्या एका शेऱ्यामुळे आता त्याच्या खात्यात ‘माल हातात आल्यावर पैसे’ ही सोय बंद झाली आहे. आणि तोच वॉकर त्याच किमतीत स्पीड पोस्टानं पाठवावा. मी खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा धंदा मिळवून देऊन मला काही मिळायचं नाही. डाकेची थैली गावापर्यंत येते एवढंच माझं म्हणणं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण आपल्यावर बंधनकारक आहे. ६ मार्चच्या तक्रारीला आजपर्यंत फक्त मशीनचा संदेश आला, ‘आपला अनुभव कसा वाटला, तारे द्या.’ महिना ६ एप्रिलला भरतो. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि एसटीच्या पायऱ्या मला अजून चढता येतात.

पार्सल पुन्हा पाठवाल तेव्हा वर घराचा नाही, शाखा डाकघराचा पत्ता टाकावा. तरीही आपलाच माणूस येणार असेल तर त्याला सांगून ठेवा : नाला ओलांडला की दोन रांगा लागतात, डावीकडच्या रांगेत सातवं घर. दारात बाजेवर म्हातारा बसलेला असेल, तोच ग्राहक. ओटीपीसाठी शाळेमागच्या टेकडीवर मी चढेन, खाली येईपर्यंत त्यानं चहा घ्यावा.

आपला,
ग्राहकाचा धाकटा भाऊ
(निवृत्त शाखा डाकपाल)