गुलामगिरीच्या इतिहासात गुलामांची नावं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामगिरीच्या अंताविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विल्बरफोर्स आहेत, क्लार्कसन आहेत, संसदेतली भाषणं आहेत. ज्यांच्या पाठीवर आसूड पडले त्यांच्यापैकी मात्र एकाचंही नाव नाही. निदान मेरी प्रिन्स तरी यायला हवी होती.

मेरी बर्म्युडा या ब्रिटिश वसाहतीत १७८८ च्या सुमारास जन्मली, जन्मतःच गुलाम म्हणून. ती बारा वर्षांची झाली असेल-नसेल, तेव्हा मालकाच्या हुकमावरून आईलाच तिला आणि दोन बहिणींना बाजारात नेऊन उभं करावं लागलं. तिघींना तीन वेगळे मालक मिळाले. पुढे मेरीची रवानगी टर्क्स बेटांवरच्या मिठागरात झाली. पहाटे चारला पाण्यात उतरायचं, नऊला उकडलेला मका खायचा, पुन्हा दुपारपर्यंत आणि मग अंधार पडेपर्यंत गुडघाभर खाऱ्या पाण्यात मीठ उपसायचं. पायांना आलेले फोड हाडापर्यंत पोचत. मी उरणचा. मिठागरात हयात गेलेल्या माणसाचे पाय कसे होतात हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण आमचा आगरी संध्याकाळी स्वतःच्या घरी तरी जात होता!

नंतर ती वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर जॉन वुड या नव्या मालकाकडे आली. तिथे तिने डॅनियल जेम्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केलं, तर त्याबद्दलही फटके. १८२८ मध्ये वुड कुटुंबाने तिला लंडनला आणलं, तिथे ती त्यांचं घर सोडून बाहेर पडली. पेच असा, की इंग्लंडात तिला कुणी बळजबरीने परत नेऊ शकत नव्हतं, पण नवऱ्याकडे अँटिग्वाला गेली की ती पुन्हा गुलाम. पैसे घेऊनही तिला मोकळी करायला वुड तयार नव्हता. १८२९ मध्ये तिच्या वतीने संसदेत अर्ज गेला. मग तिने स्वतःच ठरवलं, की आपण काय भोगलं ते इंग्रजांनी एका गुलामाच्याच तोंडून ऐकावं. तिने सांगितलं, लेखिका सुझाना स्ट्रिकलंड यांनी लिहून घेतलं, आणि १८३१ मध्ये पुस्तक निघालं. त्याच वर्षी त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या.

तरीही तिच्या शब्दावर भागलं नाही. पुस्तकाचे संपादक थॉमस प्रिंगल यांच्या पत्नीला तिच्या पाठीवरचे वळ पाहून तसं लिहून द्यावं लागलं. वुडने प्रिंगलवर बदनामीचा दावा लावला. मेरीने १८३३ मध्ये कोर्टात साक्ष दिली, पण वेस्ट इंडीजमधून साक्षीदार आणणं प्रिंगलना जमलं नाही आणि निकाल वुडच्या बाजूने लागला. त्याच वर्षी गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, तेही मालकांना. राबणाऱ्यांना एक पेनीही नाही. आपल्या लेखात या रकमेचा उल्लेख ‘सरकारचं औदार्य’ असा आहे, तो वाचून चीड आली.

आणखी एक दुरुस्ती. १८३३ च्या कायद्याने ‘साम्राज्यभर’ गुलामगिरी संपल्याचं लेखात म्हटलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपलाच देश, त्या कायद्यातून वगळलेला होता. इथे वेगळा कायदा व्हायला १८४३ साल उजाडलं. येत्या रविवारी एवढी दुरुस्ती तरी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, उरण (जि. रायगड)