दोन कुलपांची पेटी: केंद्रीय गृहमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

दांडिया बाजारातल्या एका लहानशा मराठी वाचनालयाचे हिशेब मी अकरा वर्षे लिहिले. पावतीपुस्तक, लोखंडी पेटी आणि दरवर्षी वर्गणी थकवणारे तेच सात-आठ सभासद, एवढाच माझा सार्वजनिक जीवनाचा अनुभव. तरी परदेशी हस्तक्षेपासारख्या मोठ्या विषयावर आपल्याला लिहिते आहे, कारण त्याबाबतचा आपल्या खात्याचा कायदा आमच्या त्या पेटीपर्यंत येऊन गेला आहे.

झाले असे. आमच्याकडची गोष्टीची पुस्तके वाचून मोठी झालेली एक मुलगी आता अमेरिकेत असते. आईच्या स्मरणार्थ तिने दोन कपाटांचे पैसे पाठवले. आम्ही सुताराला मापेसुद्धा दिली. मग सी.ए.नी पासबुक पाहिले आणि विचारले, ‘या बाई अजून भारतीय नागरिक आहेत का?’ नव्हत्या. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळते ते) होते, पण एफसीआरएपुढे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यापुढे, त्याचा उपयोग नाही. पासपोर्ट बदलला की दांडिया बाजारची मुलगीही ‘परदेशी स्रोत’ होते, आणि नोंदणी नसलेल्या संस्थेने तिचे पैसे घेणे हा गुन्हा. त्याच आठवड्यात पैसे परत गेले. सोबतचे पत्र मीच लिहिले. ‘तुझे पैसे परदेशी आहेत’ हे ओळखीच्या मुलीला मराठीत कसे लिहायचे, ते मला अजूनही नीट सुचलेले नाही.

तक्रार एवढीच असती तर आपला वेळ घेतला नसता. कायदा कडक आहे, असू दे. पण तो सगळ्यांना सारखाच कडक आहे का? २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी लंडनच्या वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणग्यांचा कायदा मोडला आहे. पुढे २०१६च्या वित्त विधेयकातून ‘परदेशी स्रोत’ या शब्दांची व्याख्याच सैल करण्यात आली, तीही मागच्या तारखेने, २०१० पासून. १९७६च्या जुन्या कायद्याखालची वर्षे उरली होती, ती २०१८च्या वित्त विधेयकाने धुऊन काढली. म्हणजे ४२ वर्षे मागे जाऊन. आमची चूक आम्ही पैसे परत करून निस्तरली, पक्षांची चूक कायदा मागे नेऊन निस्तरली गेली. यात आपला पक्ष आणि समोरचा पक्ष अगदी गळ्यात गळा घालून होते, हेही नोंदवते, नाहीतर पत्र एकतर्फी वाटायचे.

गुप्तता नकोच, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. खबर कोणी दिली, कोणाचा फोन ऐकला, कोणत्या दूतावासात आपला माणूस आहे, हे मला कळायची गरज नाही. कळले तर त्या माणसाच्या जिवावर बेतेल. पण ‘बाहेरच्या पैशाने आपल्या निवडणुकीत ढवळाढवळ झाली’ हा निष्कर्ष वेगळा आणि तो ज्या वाटेने मिळाला ती वाट वेगळी. वाट झाकायची म्हणून निष्कर्षही झाकला जातो, आणि सोयीच्या दिवशी त्यातला सोयीचा तुकडा बाहेर पडतो. माझे भांडण एवढ्याशीच आहे.

बडोद्याच्या माणसाला हा विषय नवा नाही. आपण गुजरातचे, आपल्याला सांगायला नको. नोव्हेंबर १८७४ मध्ये इथले ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसवलेले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आळ बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. रेसिडेन्सीतल्या नोकरांना पैसे चारून ते आतल्या बातम्या काढतात, हाही आरोप होता. दुसऱ्याच्या राज्यात रेसिडेंट बसवणारे सरकारच हा आरोप करत होते, ते सोडा. पण १८७५ मध्ये चौकशी झाली ती उघड. आयोगावर तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील मल्हाररावांसाठी आले. मते पडली तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना दोषी वाटले, हिंदी सभासदांना गुन्हा शाबीत वाटला नाही. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावाखाली त्यांना पदच्युत केले आणि मद्रासला नेऊन ठेवले.

मल्हारराव काही संत नव्हते. पण साक्षी उघड झाल्या आणि छापून आल्या, म्हणून नोकरांच्या जबान्यांत कुठे पाणी मुरत होते ते त्याच वेळी लोकांना दिसले. आज दीडशे वर्षांनी आमच्या वाचनालयात दोन म्हातारे त्यावरून तावातावाने भांडू शकतात. निकाल लादला गेला, पण पारखायचा हक्क लोकांकडे राहिला. परक्या सरकारने ठेवलेली एवढी फट आपल्याच सरकारने बुजवावी?

अलीकडचेच पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की भारतात मतदान वाढवण्यासाठी २.१ कोटी डॉलर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इथल्या शेव-उसळीच्या गाडीवर तर्री वाढता वाढता हिशेब चालू होता, कोणी किती घेतले. प्रत्येकाच्या हिशेबात पैसे घेणारा पक्ष दुसऱ्याचा. मग एका वृत्तपत्राने कागद काढून दाखवले की ती रक्कम बांगलादेशासाठी होती. तोवर पाव संपले होते आणि मतेही ठरली होती. आपल्या सरकारचे म्हणणे त्या आठवड्यात काय होते? बाब चिंताजनक आहे, संबंधित खाती पाहत आहेत. त्याच दिवशी ‘आमच्या नोंदीत अशी रक्कम आहे’ किंवा ‘नाही’ असे एक वाक्य आले असते, तर कोणत्या गुप्तहेराचा जीव धोक्यात आला असता?

बाहेरही सगळे आलबेल नाही. ब्रिटनमध्ये रशियाच्या कारवायांवरचा संसदीय समितीचा अहवाल २०१९ मध्ये तयार होता, तो डिसेंबरची निवडणूक उरकून थेट जुलै २०२० मध्ये लोकांना मिळाला. रुमानियात उलट घाई. ४ डिसेंबर २०२४ ला निवडणुकीतल्या परकीय ढवळाढवळीबद्दलचे गुप्त कागद खुले केले आणि ६ तारखेला न्यायालयाने अध्यक्षपदाची अख्खी पहिली फेरी रद्द केली, तेही परदेशातल्या रुमानियन मतदारांनी दुसऱ्या फेरीची मते टाकायला सुरुवात केल्यावर. थोडक्या पानांतून लोकांना काय पटणार? अर्ध्या देशाला परकीय कट दिसला, अर्ध्याला सरकारचा.

आणि कॅनडा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी एका शीख कार्यकर्त्याच्या खुनाबद्दल भर संसदेत भारताकडे बोट दाखवले. आपण म्हणालात, पुरावा द्या. बरोबरच म्हणालात. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चौकशी आयोगासमोर त्यांनीच कबूल केले की तेव्हा हातात प्रामुख्याने गुप्त माहिती होती, ठोस पुरावा नव्हे. आता माझा प्रश्न असा की देशातल्या एखाद्या संस्थेवर, पत्रकारावर, आंदोलनावर ‘परदेशी हात’ असा शिक्का आपल्याकडून बसतो, तेव्हा तीच मागणी त्यांनी केली तर चालेल ना?

उलट आपल्याकडे दारे लागत चालली आहेत. कोणत्या संस्थेला कुठून किती परदेशी पैसा आला, ही वार्षिक विवरणे आपल्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत. जुलै २०२२ मध्ये ती काढली गेली. परदेशी पैशावर नजर ठेवायची म्हणता, मग लोकांचीच नजर का काढून घेतली? माहिती अधिकारात वीस वर्षांनंतर बरीच माहिती खुली होते, पण ‘देशाची सुरक्षा’ हे कारण लावले की वीस काय, शंभर वर्षांनीही दार बंदच. गुप्तचर विभागाला तर तो कायदा जवळपास लागूच नाही, आणि त्याच्यावर संसदेच्या कोणत्या समितीची देखरेखही नाही.

आमच्या पेटीला दोन कुलपे होती. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी चिटणिसांकडे, आणि आमचे दोघांचे फारसे पटत नसे. म्हणून तर पेटी नीट राहिली. परदेशी हस्तक्षेपाच्या फायलींचे तेवढेच करा. सत्ताधारी आणि विरोधी खासदारांची एक छोटी समिती, गुप्ततेच्या शपथेने बांधलेली. तिला मूळ कागद दिसू देत, आम्हाला नकोत. काय झाकायचे आणि कोणत्या तारखेला उघडायचे, हे तिने ठरवावे. निवडणुकीच्या तोंडावर काही बाहेर काढायचे असेल तर दोन्ही किल्ल्या लागाव्यात. ब्रिटनमध्ये अशी समिती १९९४ पासून आहे. अहवाल तिथेही अडला, पण अडला हे लोकांना कळले तरी.

समिती व्हायला वर्षे लागतील, ठाऊक आहे. तोवर एक काम आपल्या सहीने होण्यासारखे आहे. १९६७च्या निवडणुकीत परदेशी पैसा आल्याच्या आरोपांवरून संसदेत गदारोळ झाला होता. गुप्तचर विभागाने चौकशी केली. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आमच्या वाचनालयात त्यांचा फोटो आहे, म्हणून लिहिताना जरा जड जाते, पण तो अहवाल त्यांनी संसदेपुढे ठेवला नाही. बऱ्याच पक्षांची पंचाईत झाली असती. त्यानंतर किती गृहमंत्री आले नि गेले, त्या निवडणुकीतले बहुतेक उमेदवारही गेले. खबऱ्यांची नावे काळ्या शाईने झाका, हवी तर पानेच्या पाने झाका. उरेल ते छापा आणि एक प्रत आम्हाला पाठवा. टपालखर्च आम्ही देऊ, आणि तो पैसा भारतीयच असेल.

आपली,
वाचनालयाची माजी कोषाध्यक्ष,
दांडिया बाजार, बडोदे