दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाक्या आणि कडप्प्याचे ओटे

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, गिरगाव, मुंबई.

विषय : लाकडी मजल्यावर टाकी व ओटा बसवण्याच्या सरसकट परवानगीस हरकत.

महोदय,

प्रत्येक खोलीत ५०० लिटरची टाकी आणि वीटबांधकामाचा ओटा बसवू द्यावा, असा ठराव येत्या सभेपुढे आहे. आपला मजला स्लॅबचा नाही. तुळयांवर कड्या (म्हणजे ओळीने टाकलेली आडवी लाकडं), कड्यांवर फळ्या आणि त्यावर कोबा, अशी ही रचना आहे.

राहत्या खोलीसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरते. भरलेली टाकी स्टँडसकट साडेपाचशे किलोच्या घरात जाते आणि बसते जेमतेम पाऊण चौरस मीटरवर. म्हणजे तेवढ्या जागेवर जवळजवळ चौपट. ‘लग्नात चाळीस माणसं बसली, तेव्हा काय झालं?’ असं सभेत कोणीतरी विचारेलच. माणसं रात्री घरी जातात, टाकी तिथेच राहते. कायमच्या वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षं थोडंथोडं वाकतच जातं. आधी कोब्याला भेग पडते, मग त्या भेगेतून पाणी फळ्यांत उतरतं.

खरी अडचण मोरीच्या कोपऱ्यात आहे. टाकी भिंतीलगत ठेवली की कडीला वाक कमी येतो, हे बरोबर. पण नळ मोरीत असल्याने सगळ्यांना टाकी तिथेच हवी असते, आणि भिंतीत रुतलेली कड्यांची टोकंही तिथेच आधी कुजतात. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. मागच्या दुरुस्त्यांत घातलेलं जंगली लाकूड मात्र देतं. म्हणून खालच्या खोलीतून छताची फळी काढून प्रत्येक टोकात टोच्या खुपसून पाहावा. तो सहज आत गेला किंवा लाकडाचा भुगा निघाला, तर त्या कडीवर काहीही ठेवू नये. नळाच्या पाइपसाठी कडीला खाच मारली आहे का, तेही पाहावं. कडीची उंची तिथे पाव भागाने घटली, तर वाक सोसण्याची ताकद सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. प्लंबरला हे कोणी सांगत नाही.

टाकी हवीच असेल, तर तिचा भार लाकडावर येऊच देऊ नये. दोन भिंतींमधल्या तीन मीटरच्या गाळ्यासाठी १०० मिमीचे दोन लोखंडी चॅनेल भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकावेत. टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा आणि १० मिमी जाडीची प्लेट हवी, नाहीतर जुन्या चुन्यातल्या विटा चिरडतात. चॅनेल आणि जमीन यांत २० मिमी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे चॅनेल लवला तरी फळीला टेकत नाही. दोन्ही भिंती भार घेणाऱ्या आहेत ना, हे अभियंत्याने पाहिलंच पाहिजे. लाकडी चौकटीत विटा भरलेली आडभिंत यासाठी चालणार नाही. खालून टेकू देण्याची सूचनाही येईल. पहिल्या मजल्यावरच संपणारा टेकू भार फक्त शेजाऱ्याच्या जमिनीवर ढकलतो. तो तळमजल्यातून थेट पायापर्यंत उतरायला हवा.

ओट्याखालची साडेचार इंची, पाऊण मीटर उंच भिंत प्लॅस्टरसह दर मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. ती कड्यांना समांतर आली, तर सगळं वजन एकाच कडीच्या बोकांडी. त्याऐवजी चौकोनी पाइपची चौकट करून मागची बाजू भार घेणाऱ्या भिंतीत धरावी आणि पुढचे पाय कड्यांना आडव्या पट्टीवर उभे करावेत, म्हणजे वजन तीन-चार कड्यांत वाटलं जातं. जुन्या फरशीवर नवी फरशी मात्र कोणालाच लावू देऊ नये. मसाल्यासह पाच सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त भरतो.

तीस वर्षांवरील इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्या अहवालात दुसऱ्या मजल्याच्या कड्यांची टोकं खोलीनिहाय नोंदवून घ्यावीत आणि तोवर हा ठराव तहकूब ठेवावा, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक सभासद, दुसरा मजला